कीटोची दुसरी खेप

कीटोला तुम्ही कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत पाहिलं असेल. मसालेभात, पुरी, जिलेबी सगळ्यांवर हात आडवा धरून एखादा मावसभाऊ फक्त पनीर आणि काकडी घेऊन बसतो, तेव्हा त्याच्या मागे उभं राहून वाढप्यांना हाकलत असतो तो कीटो. तीन महिन्यांत मावसभावाचे शर्ट सैल होतात आणि सगळे नातेवाईक कीटोचा पत्ता विचारू लागतात. ही झाली पहिली खेप. ती सगळ्यांना ठाऊक असते. मला ओळख करून द्यायची आहे ती दुसऱ्या खेपेच्या कीटोची. मधल्या काळात वजन परत चढलेलं असतं, त्याला पुन्हा बोलावणं जातं, तो येतोही. आणि काटा काही केल्या हलत नाही.

आधी त्याचं घराणं सांगतो, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. कीटोचा जन्म 1921 सालचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमधला. कडकडीत उपास केला की अपस्माराचे झटके कमी होतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. पण रोग्याला उपाशी ठेवणार तरी किती दिवस? रसेल वाइल्डर या डॉक्टरांनी सुचवलं, की कर्बोदकं जवळजवळ बंद करा आणि स्निग्ध पदार्थ भरपूर द्या. मग पोटात अन्न असूनही शरीर उपाशी असल्यासारखं वागतं, यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू त्यांच्यावर काम भागवतो. 1938 मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं, तसा कीटो मागे पडला. 1990च्या दशकात त्याला पुन्हा बोलावलं गेलं. ज्या मुलांचे झटके औषधांना दाद देत नाहीत त्यांच्यासाठी तो आजही, आपल्याकडेसुद्धा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली राबतो. वजन उतरवणं हा त्याचा जोडधंदा. मूळचा तो रुग्णालयात वाढलेला आणि तिथलं वळण अजून सुटलेलं नाही. चार ग्रॅम स्निग्धांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, असं त्याचं जुनं गणित. वजन उतरवायला येतो तेव्हा एवढा कडक नसतो, पण मोजूनमापून जेवण्याचा आग्रह असतोच.

म्हणून मराठी स्वयंपाकघरात त्याचं पहिलं भांडण भाकरीशी होतं. दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकं एवढीच त्याची मुभा. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका बऱ्यापैकी भाकरीत त्याचा दिवसाचा कोटा संपत येतो. एकादशीला तर तो घर डोक्यावर घेतो. सगळं घर उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस खात असतं, आणि उपासाचीच नक्कल म्हणून जन्माला आलेला कीटो त्यातल्या एकाही ताटाला शिवत नाही. बरं, तूप मात्र हवं तेवढं. आजीला तो त्यामुळे पहिल्या दिवशी फार आवडतो, आणि दुसऱ्या दिवशी ती विचारते, ‘अरे, पण हे तूप घालायचं कशावर?’

पहिल्या खेपेत तो दिलदार असतो. आठवड्यात दोन-तीन किलो उतरवून दाखवतो. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी कटकट इथूनच सुरू होते. आपलं शरीर जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपानं साठवतं, यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारशेच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा तो पाणी धरून बसतो, ग्रॅमामागे साधारण तीन ग्रॅम. कर्बोदकं बंद झाली की साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. त्यात इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं मीठ सोडतात, मिठाबरोबर आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यातलं डोकं दुखणं, पायात गोळे येणं हे बरंचसं त्या मिठाचंच. चरबी जाते, पण सावकाश. काट्यावरचा पहिला धडाका मुख्यतः पाण्याचा असतो. कीटो तसं कधी बोलून दाखवत नाही. कौतुक होत असलं की गप्प राहून ते घेण्याची त्याला सवय आहे.

ओळखीतल्या एका वहिनींकडे तो मागच्या वर्षी दुसऱ्यांदा आला. पहिल्या खेपेला त्यांचं चांगलं बारा किलो वजन उतरलं होतं. मग गणपती आले, उकडीचे मोदक आले, दिवाळी आली, मुलीची बारावी आली. बारातले आठ किलो परतले. वहिनींनी पुन्हा अंडी आणली, मेथी निवडली, तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. पहिल्या आठवड्यात उतरला जेमतेम किलो. पुढचे तीन आठवडे काटा जागचा हलला नाही. ‘भावजी, याच्या अंगात पूर्वीचा जोर राहिला नाही हो,’ असं त्या मला म्हणाल्या. 

मला ही तक्रार पटत नाही. वहिनी या वेळी कीटोच्या आधीपासूनच अर्धा भात आणि एक पोळी एवढ्यावर आल्या होत्या. साठाच अर्धवट भरलेला, तर त्यातून पाणी निघणार किती? पहिल्या खेपेच्या पहिल्या आठवड्याला आपण त्याचा महिन्याचा पगार समजून बसतो आणि मग आयुष्यभर त्याच आकड्यानं त्याला जोखतो. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्याहून मोठा अन्याय आहे तो मन लावून पथ्य करणाऱ्या बाईवर. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

त्याचं नटवेपण बघायचं असेल तर ते पट्ट्यांमध्ये बघावं. औषधांच्या दुकानात एक छोटी डबी मिळते. आतल्या पट्टीच्या टोकाला फिकट चौकोनी तुकडा असतो. लघवीत बुडवून काही सेकंद थांबायचं, मग तो आधी गुलाबी आणि पुढे जांभळा होत जातो. डबीवर छापलेल्या रंगांशी ताडून पाहायचं. पहिल्या खेपेला हा जांभळा असा खुलतो की माणसं त्याचे फोटो काढतात. दुसऱ्या खेपेला पट्टी फिकट आली, की घरात सुतक. वास्तविक ती पट्टी लघवीतून वाया गेलेले कीटोन दाखवते. भरपूर पाणी प्यायलं तरी ती फिकी पडते, आणि शरीर कीटोन नीट वापरू लागलं तरीही. उलट पट्टी जांभळीजर्द आली म्हणून पोटावरची चरबी वितळते आहे असंही नाही, कारण ते कीटोन ताटातल्या तुपाचेही असू शकतात. श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तीही त्याचीच वर्दी. वर्दी कीटो आल्याची असते, वजन गेल्याची नव्हे.

आणि दुसऱ्या खेपेला तो एकटा येत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा बिचाऱ्याजवळ काही नव्हतं. उकडलेली अंडी, फ्लॉवरचा किसून केलेला भात, तळलेला बांगडा, पालक. चार दिवसांत माणूस कंटाळायचा, भूकही मंदावायची आणि आपोआप कमी खाल्लं जायचं. त्याची खरी करामत हीच होती. आता सोबत गोतावळा असतो: बदामाच्या पिठाचा केक, बिनसाखरेचं चॉकलेट, चीजचे तुकडे, लोणी घातलेली कॉफी, खोबऱ्याचे लाडू. सगळ्यांच्या अंगावर कीटोचं नाव. शंभर ग्रॅम बदामांत पावणेसहाशेच्या वर कॅलरी असतात आणि मोठा चमचाभर तुपात सव्वाशेच्या आसपास. टीव्ही बघता बघता बदामाची वाटी दोनदा भरली जाते, कुणी हिशेब ठेवत नाही, कारण कर्बोदकं तर हद्दीत आहेत! हॉटेलातल्या पनीरच्या भाजीत काजूची पेस्ट आणि कांदा-टोमॅटोची दाट ग्रेव्ही असते, तेव्हा तीही हद्द ओलांडलेली असते. या गोतावळ्याला मी दारातूनच परत पाठवीन. कीटोचं नाव खराब केलं ते यांनी.

तरी सगळा दोष फ्रिजवर ढकलता येत नाही. दोन खेपांच्या मधे यजमानही बदललेला असतो. वजन उतरतं तेव्हा चरबीच्या पेशी नुसत्या रित्या होतात, त्यांची संख्या फारशी घटत नाही. रित्या पेशींकडून लेप्टिन हे संप्रेरक कमी येऊ लागतं. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं 1994 मध्ये शोधलेलं हे संप्रेरक मेंदूला सांगत असतं, की घरात शिधा पुरेसा आहे. निरोप कमी आला की मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागतो, भूक वाढवतो आणि खर्च आखडता घेतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. केविन हॉल यांनी ती 2016 मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेकांचं बरंच वजन परत आलं होतं, पण आराम करताना होणारा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमीच राहिला होता. ती माणसं कीटोवाली नव्हती आणि त्यांनी केला तेवढा अघोरी व्यायाम आपण करत नाही. तरी शरीर जुना दुष्काळ विसरत नाही, एवढं त्यातून दिसतं. व्यायामाशिवाय वजन उतरवलं असेल तर चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, आणि परत येते ती प्रामुख्यानं चरबी. शिवाय मधली वर्षं, तुटकी झोप, बायकांच्या बाबतीत रजोनिवृत्ती, कधी थायरॉइड. यांपैकी कशावरही कीटोची सत्ता चालत नाही.

स्वतःबद्दल त्याचं मत फार मोठं आहे. आपल्यासारखा दुसरा नाही, असं त्याला वाटतं. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 609 जणांना दोन गटांत वर्षभर ठेवलं, एक गट कमी स्निग्धांचा आणि दुसरा कीटोच्या भावकीतला, कमी कर्बोदकांचा. 2018 मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोनं उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोनं. म्हणण्यासारखा फरक नाहीच. उलट प्रत्येक गटात कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलं होतं, तर कुणाचं चक्क वाढलं होतं. मला हे वाचून कीटोबद्दल आपुलकीच वाटली. भावकीत एकटा थोर नसला तरी तो कामाचा आहे, आणि ज्याला त्याची संगत मानवते त्याच्याकडे मनापासून राबतो.

एका बाबतीत मात्र त्याच्याशी थट्टा चालत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कीटोला परस्पर घरात घेतलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असतील तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं. पहिल्या खेपेला गोळ्या नव्हत्या, या खेपेला आहेत, असं पन्नाशीच्या पुढे अनेकांचं होतं. तो येण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, आल्यावर नव्हे.

आणि त्याचं काट्यावरचं प्रेम. त्याला कुणीतरी पुण्याची एक गोष्ट सांगायला हवी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली दोघांची तुलना छापली. उंचीच्या मानानं वजन काढलं तर दोघांचा बीएमआय अगदी एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हाडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी कशी लपून बसते, ते या जोडीइतकं स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही. म्हणून आपल्यासाठी काट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. भारतीय पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 ही कंबरेची हद्द मानतात.

वहिनींनी ती टेप आता कपाटाच्या दाराला टांगली आहे. कीटोला त्यांनी घालवलं नाही, पण या खेपेला अटी त्यांच्या आहेत. बदामाचा केक बंद, कॉफीत लोणी नाही, आठवड्यातून तीनदा डंबेल, वजन पंधरवड्यातून एकदा. त्यानं जायचं कधी, हेही ठरलंय. त्यानंतर दुपारी आधी अर्धी भाकरी आणि वरण, मग हळूहळू एक. परवा भेटल्या तेव्हा काटा होता तिथंच होता, पण कंबर चार सेंटिमीटरनं उतरली होती आणि जुना निळा पंजाबी ड्रेस अंगात बसला होता. कीटो अजून रात्री जास्तीचं पनीर मागतो. वहिनी त्याला त्याच्याच रुग्णालयातल्या शिस्तीनं शंभर ग्रॅम मोजून देतात.