धाप

काही माणसं पावलांवरून ओळखू येतात, काही खोकल्यावरून. माझे बाबा मला धापेवरून ओळखू यायचे. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, इमारतीला लिफ्ट नाही, आणि संध्याकाळी सातच्या पुढे जिन्यातून वर येणारा तो श्वास. दोन आखूड, मग एक लांब, आणि त्या लांब श्वासाच्या अगदी शेवटाला एक बारीकशी शीळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर तो थांबायचा. तिथे जाळीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळट उजेड पायऱ्यांवर सांडलेला असायचा आणि बाबा त्या उजेडात उभे राहून श्वास खाली बसू द्यायचे. मग उरलेल्या पायऱ्या सावकाश चढून हसऱ्या चेहऱ्याने दारात यायचे. दमणं दाराबाहेर ठेवून यायचं, असा बहुधा त्यांचा नियम असावा. मी आत पुस्तकात डोकं घालून हे सगळं ऐकत असायचे. आईही ऐकत असणार, कारण बाबा वळणावर थांबले की ती न्हाणीघरात कढत पाण्याची बादली भरायला लागायची.

याबद्दल आमच्या घरात कोणी कधी काही बोललं नाही.

बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटला उभी राहिली. आमच्या इमारतीतले कितीतरी पुरुष रोज सकाळी तिकडे जायचे. शीळ कारखान्यातल्या धुळीची, विडीची नव्हे, एवढं आई आजही ठामपणे सांगते. पण धाप मात्र गाडीची. शाळेला सुटी असली की कधी कधी मी त्यांना सोडायला स्टेशनपर्यंत जायचे. सुरुवातीला आम्ही नीट चालत असायचो. मग कुठूनतरी गाडी येत असल्याची घोषणा व्हायची आणि माझं बोट धरलेला हात एकदम घट्ट व्हायचा, चाल बदलायची, आजूबाजूच्या सगळ्यांचीच बदलायची. पुलावर शेकडो पायांचा तो घुमणारा आवाज! कोणी ओरडत नसे, बोलत नसे. नुसते पाय आणि श्वास.

ठाण्याला पहिली गाडी 1853 च्या 16 एप्रिलला आली, कल्याणपर्यंत रूळ 1854 च्या 1 मेला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाने किती वाजता उठायचं, कधी जेवायचं आणि किती पळायचं, हे गाडीच ठरवत आली आहे. मीही पुढे ठाण्याला नोकरीला लागले आणि खांद्यावर पर्स, एका हातात डबा, दुसऱ्यात निऱ्या असं त्याच पुलावरून वर्षानुवर्षं पळाले. तेव्हा धीमी गाडी मुंब्र्याच्या खाडीकाठाने जायची, जलद गाडी पारसिकच्या बोगद्यातून. बोगद्याच्या अंधारात महिलांच्या डब्यातलं बोलणं क्षणभर थांबलं की सगळ्यांचे श्वास ऐकू येत, नुकते कुठे जागेवर येऊ लागलेले. त्याला आम्ही कोणी पळणं म्हणत नव्हतो. ते फक्त कामाला जाणं होतं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा मी पळायला लागले. म्हणजे, पळायला म्हणून पळायला लागले. का, याचं नीट उत्तर मला अजून देता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं, पण डॉक्टर पुष्कळ सांगतात. मुलं मोठी होऊन आपापल्या दिशांना गेली होती, पहाटेचा एक तास अचानक रिकामा पडला होता, आणि मला वाटतं त्या रिकामपणाचीच मला थोडी भीती वाटत होती. हा तास मला मिळाला, हेही इथेच सांगून टाकते. साडेचारला उठून तीन डबे भरून पहिल्या गाडीला जाणाऱ्या बाईला कोणी पळण्याचे फायदे सांगू नयेत. तिचं पळून झालेलं असतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत घरडा सर्कलवरून पुढे गेलं की सावळाराम महाराज क्रीडा संकुलाचं मैदान अंधारातच जागं झालेलं असतं. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या आजी, कानटोपी घालून उलटं चालणारे निवृत्त गृहस्थ, आणि कडेकडेने सुसाट जाणारी भरतीची मुलंमुली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, मुलींना 800, आणि वेळेवर गुण असतात; त्यामुळे ही पोरं थट्टामस्करी करत आली तरी रेषेवर उभी राहिली की त्यांचे चेहरे पार बदलतात. त्यांच्या मध्ये मी. जुना पंजाबी ड्रेस, नवे कोरे बूट, ओढणी कमरेला बांधलेली. पहिले काही दिवस मी नुसतीच चालत राहिले. मैदानाच्या ज्या टोकाला दिवा बंद होता, त्या अंधाऱ्या तुकड्यातच काय ती चार पावलं पळून घ्यायचे. उजेड आला की पुन्हा चाल. एवढ्या वयाच्या बाईने उगाचच पळावं, याची लाज पायांना नव्हे, मानेला वाटते. मान खाली जाते.

मुलाने मला पळायला शिकण्याचा एक आराखडा पाठवला होता. 1996 साली जोश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो तयार केला. आठवड्यातून तीन दिवस, असे नऊ आठवडे. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, पुन्हा पळायचं, असं वीस मिनिटं. आणि पळणं हळूहळू वाढवत शेवटी पाच किलोमीटर. पुढे तो जगभर पसरला, पण क्लार्कने तो लिहिला होता आपल्या पन्नाशीतल्या आईसाठी. आराखड्यापेक्षा मला तीच गोष्ट जास्त आवडली. कोण होती ती बाई, कुठल्या रस्त्यावर पळाली असेल, शेजारणींना तिने काय सांगितलं असेल? नऊ आठवड्यांचं माझं गणित काही जमलं नाही. नडग्या दुखायच्या, मग थांबायचं, मग पुन्हा मागच्या आठवड्यावर यायचं. हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, हाडं आणि स्नायुबंध रेंगाळतात, म्हणून नवख्याने सावकाशीने घ्यावं, असं जाणकार म्हणतात. पन्नाशीची हाडं तर त्याहून निवांत.

पण साठ सेकंद! गॅसवरचं दूध उतू जायला एवढा वेळ लागतो असं मला वाटायचं. पळताना कळलं की साठ सेकंदांत एक माणूस आपल्या छातीच्या किती आत जाऊन येतो. घशात लोखंडाची चव, कानांत ठोके, आणि त्या सगळ्यावर स्वार झालेला श्वास, जो माझा असूनही माझं ऐकत नव्हता. भरतीची तयारी करणारी एक मुलगी माझ्या बाजूने दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा चाल कमी करून म्हणाली, "काकू, हवा घ्यायची घाई करू नका. आधी सोडा. पूर्ण सोडा. घ्यायची ती आपोआप घेतली जाते. आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा." एवढं सांगून ती निघूनही गेली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की तिचं अगदी बरोबर होतं. धाप लागते ती बहुतेक वेळा हवा कमी पडल्यामुळे लागत नाही. रक्तात साचत चाललेला कार्बन डाय ऑक्साइड बाहेर टाकण्याची घाई शरीराला झालेली असते.

तिने सांगितलं तसं मी श्वास सोडत गेले. दोन आखूड, मग एक लांब. पुन्हा दोन आखूड. आणि एका पहाटे, मैदानाच्या त्याच अंधाऱ्या टोकाला, लांब श्वासाच्या अगदी शेवटाला मला शीळ ऐकू आली.

मी थांबले. मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हाताची ढब धाकट्या भावाकडे गेली, कपाळ माझ्या मुलाकडे. माझ्या वाट्याला काही आलं नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. शेवटच्या आजारपणात त्यांच्या नाकाला नळी होती, श्वास यंत्राच्या तालावर यायचा आणि त्यात ती शीळ नव्हती. त्यामुळे ते जाण्याच्या कितीतरी आधी गेल्यासारखे वाटले होते. आणि आता ती इथे, माझ्या छातीत, एमआयडीसीतल्या एका मैदानावर! मी पुन्हा पळून पाहिलं, ती पुन्हा येते का म्हणून. आली. त्या दिवशी मी आराखड्यात होतं त्याहून जास्त पळाले आणि मोजायचं विसरले.

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. माझे बाबा आयुष्यभर पळाले आणि पुढे गाडी नसताना एकदाही पळाले नाहीत. त्यांचा प्रत्येक श्वास कुठल्यातरी वेळापत्रकाला बांधलेला होता. माझा नाही. मी दमते ती कोणासाठी नाही, कुठे पोचायचं म्हणून नाही. गोल फिरून जिथून निघाले तिथेच येते. हे सुख आहे की उधळपट्टी, मला ठरवता येत नाही. त्यांना विचारलं असतं तर ते हसले असते आणि म्हणाले असते, पळ गं. किंवा काहीच म्हणाले नसते, वळणावर उभे राहिले असते.

आई आता माझ्याकडे असते. मी बूट घालताना दिसले की ती विचारते, "कुठे पळतेस एवढं? कुठली गाडी चुकणारेय?" आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण पळून आले की मी जिन्याने येते. थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी वर आले तेव्हा दार लोटलेलं होतं. धाप अजून बसली नव्हती. मी उंबऱ्यातच भिंतीला टेकून उभी राहिले. आई स्वयंपाकघरात पाठमोरी होती. तिने मान न वळवता विचारलं, "आलात? पाणी काढून ठेवलंय."

मी "हो" म्हटलं आणि आंघोळीला गेले. बादली खरंच भरलेली होती, वाफ येत होती.

अलीकडे मैदानाबाहेरही जाते. ठाकुर्लीकडून कल्याणच्या बाजूला जाणारा नव्वद फुटी रस्ता सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्यांचा असतो. बाजूने लोकल धडधडत जाते आणि दारातली माणसं आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे. कल्याणला भावाकडे मुक्काम असला की काळ्या तलावाभोवती. पावसाळ्यात एखाद्या रविवारी ठाण्याला उपवनला. मागे येऊरचा डोंगर ढगात बुडालेला, तळ्यावर पावसाचे थेंब, आणि पावसाच्या आवाजात माझी धाप मला ऐकूच येत नाही. तेवढ्यापुरतं मग मी तरुण असल्यासारखं वाटतं. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन अशाच ऑगस्टच्या पावसात होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एकदा छत्रीखाली उभी राहून मी ती पाहिली होती. कशाला हे लोक भिजताहेत, असं तेव्हा वाटलं होतं.

सगळंच काही इतकं निर्मळ नाही. वारा फिरला की एमआयडीसीचा उग्र दर्प मैदानावर उतरतो आणि तो छातीत भरून घेण्यापेक्षा मी घरी परतते. याच भागात 2014 च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता. 2016 च्या आणि 2024 च्या मे महिन्यात कारखान्यांतल्या स्फोटांनी दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. जिथे आधी हवा हुंगून मग पळायचं की नाही ते ठरवावं लागतं, त्या गावाने मैदान बांधून समाधान मानू नये. धुळीची शीळ एका पिढीने सोसली, तेवढं पुरे.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला मी दहा किलोमीटरसाठी नाव दिलं आहे. 2004 पासून ती भरते आणि त्या पहाटे मध्य रेल्वे कल्याणहून सीएसएमटीसाठी खास लोकल सोडते, तीनच्या सुमाराला. भरतीवाल्या मुलीला विचारलं, एवढ्या पहाटे गाडीला गर्दी असेल का? ती म्हणाली, "काकू, डोंबिवलीला चक्क खिडकी मिळते." तुमच्यापैकी कोणी येणार असेल, तर मधल्या महिला डब्यात या. मी फार हळू पळते, पण सोबतीला बरी आहे.