दारावरची नावे

आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी त्यात मी 'बांधकाम व्यावसायिक' असे लिहिले. ते अगदी खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. माझे वडील गवंडी आहेत. पुढे वर्गातल्या एका मैत्रिणीने "तुझे बाबा बिल्डर का गं?" असे विचारले, तेव्हा मी नुसती हसले. ते हसणे मात्र निव्वळ खोटे होते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सारे औरंगाबादला गेलो. २०२३ पासून त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे; पण दादांच्या (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) तोंडात जुनेच नाव बसलेले. तिथे त्यांचे मित्र राहतात. माझ्या जन्माआधी दोघे पुण्याला एकाच कामावर होते, एकाच पत्र्याच्या खोलीत राहत होते. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. "एकदा या, एकदा या" असे वर्षानुवर्षे चालले होते, ते अखेर जमले. सोलापूरहून रात्रीची एस्.टी. धरली. आईने बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी घेतल्या, मी इतिहासाची वही.

आईच्या गळ्यात माळ आहे. चाचींनी तिच्यासाठी कोऱ्या पातेल्यात वरण शिजवले आणि आम्हां भावंडांना नान-खलिया वाढला. रात्री दोन्ही घरची माणसे एकाच खोलीत ओळीने झोपली. दादा आणि चाचा मात्र ओट्यावर बसून कुठल्या कुठल्या जुन्या भिंतींविषयी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून वेरूळला गेलो. मी वही उघडून सांगू लागले : एकूण ३४ लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन, सोळावे ते कैलास, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. दादा ऐकत नव्हते. ते मान वर करून कड्याकडे पाहत होते. मग चाचांना म्हणाले, "हे वरनं खाली आलेत."

खरेच आहे ते. कैलास बांधलेले नाही. डोंगरात खोल चर खणून मधला कातळ सुटा केला आणि शिखरापासून पायापर्यंत कोरत आणला. हे माझ्या वहीत होतेच. पण दादा पुढे म्हणाले, "आम्ही चुकलो तर वीट काढून दुसरी लावतो. हितं एक टवका जास्त उडला, तर परत कुठनं आणायचा?" आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "राजाचं नाव सांगितलंस. केलं कुणी?"

माझ्या वहीत ते नव्हते. पुढे ग्रंथालयात वाचले, की बडोद्याला मिळालेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात हे मंदिर घडवणारा स्वतःच आपले काम पाहून थक्क झाल्याचे वर्णन आहे. त्याचे नाव मात्र तिथेही नाही.

परतताना देवगिरीचा किल्ला पाहिला. तासून सरळ केलेल्या त्या कड्याला दोघांनी हात लावून पाहिले. अंधारीतून वर चढताना आई विठ्ठलाचे नाव घेत होती.

तिसऱ्या दिवशी बीबी-का-मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. लोक ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात, कारण संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला; मधे बरेचसे काळ्या दगडावर केलेले चुन्याचे काम. दादांनी मात्र त्या गिलाव्यापुढे मान डोलावली. "संगमरवर मुळातच चकाकतो. चुना घोटून घोटून असा करायचा, तर मनगट जातं." गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त या इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिला आहे, असे मी सांगितले. "सात आणेसुद्धा?" म्हणून चाचा खो खो हसले.

मग ते आम्हांला मुख्य दरवाजापाशी घेऊन गेले. त्यावर कोरलेली फारसी अक्षरे होती. "काय लिवलंय गं?" दादांनी सवयीने विचारले. एस्.टी.ची पाटी असो की बँकेचा कागद, हा प्रश्न मला लहानपणापासूनचा. आणि पहिल्यांदाच मला म्हणावे लागले, "दादा, मला वाचता येत नाही."

दादा हसले. "मग ये, बस आमच्यात."

चाचा म्हणाले, "पुरतं मलाही लागत नाही, बेटा. पण माझ्या उस्तादांनी दाखवलं होतं. दोन नावं आहेत. अताउल्ला, त्यानं आराखडा केला. आणि हंसपत राय, त्यानं बांधकाम उभं केलं." मग त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, "तेव्हापण आपल्यासारखी जोडीच होती." दादा त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते. आमच्या तालुक्यात त्यांनी बांधलेल्या घरांवर 'मातृछाया', 'कृपा' अशी नावे आहेत. त्यांतली कितीतरी मीच त्यांना वाचून दाखवली आहेत.

जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी 'गवंडी' असे लिहिले. कार्यालयात कारकुनाने तो न वाचताच शिक्का मारला. त्याआधी घरी अर्ज सहीसाठी दादांपुढे ठेवला होता. त्यांना सहीपुरतीच अक्षरे येतात. सही करून त्यांनी बोट त्या रकान्यावर ठेवले. "हितं काय लिवलंस?"

"गवंडी."

त्यांनी कागद डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पाणसळीत न्हाई. ओळ वाकडी गेलीय."