सोप्यातला आवाज

आमच्या जुन्या घराचा सोपा चार खणांचा. वर माळवद, खाली शेणानं सारवलेली भुई, दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती. दर एकादशीला रात्री तिथं भजन बसायचं. वडील पखवाज वाजवायचे. खुंटीला पखवाज, कोनाड्यात टाळ आणि तुळईला टांगलेला एक कडू भोपळा, एवढीच काय ती सजावट.

त्या भोपळ्याचं सांगायला पाहिजे. आमचं गाव भीमाकाठचं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या या भागात तंबोऱ्याचे भोपळे पिकतात आणि मिरजेला जातात. वडील थोडे वेल लावायचे. बूड नासू नये म्हणून फळाखाली वाळला पाला सारायचे. मिरजेचा कारागीर यायचा, टिचकी मारून बघायचा, कवेत घेऊन बघायचा. एका बाजूनं दबलेला एक भोपळा त्यानं बाजूला सारला. वडिलांनी तो घरात टांगला. हलवला की आत बिया वाजायच्या.

पुढं माळवद गळायला लागलं. थोरल्यानं कर्ज काढून स्लॅबचं घर बांधलं. सोप्याचा हॉल झाला. सूनबाईला हौस. म्हणाली, "मामा, आपल्या घरात भजनाची परंपरा हाय, ती हॉलमध्ये दिसली पाहिजे." एका भिंतीला वीणा, तंबोरा आणि सात सुरांचं मोठं चित्र चिकटवलं. दुसरीकडं काचेचं कपाट, त्यात दिवा, दिव्याखाली वडिलांचा पखवाज. खोटं कशाला बोलू, मलाबी आवडलं. पाव्हणेरावळे पखवाजापाशी उभं राहून फोटो काढायचे.

पहिल्या एकादशीला पखवाज कपाटातनं काढला, मंडळी बसली. टाळ वाजला आणि आवाज फरशीवर, स्लॅबवर, काचेवर आपटून माघारी आला. एका टाळाचे चार टाळ. पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळून नुसता गलका. तिसऱ्या अभंगाला वीणेकरी आप्पा थांबले. वाईट काही बोलले नाहीत. "पुढच्या बारीला देवळात बसू," एवढंच म्हणाले.

पुढच्या एकादशीला आमच्या दारात एक चप्पल दिसली नाही. वडील गेले त्या सालीसुद्धा भजन चुकलं नव्हतं. मी टीव्ही लावून बसलो. देवळातला टाळ ऐकू येत होता. ताटातली भगर तशीच राहिली.

आठ दिवस सुनेशी धड बोललो नाही. चूक तिची एकटीची नव्हती, पण राग कुठंतरी काढायचा असतो. तिनं ओळखलं होतं. एकदा उन्हातनं आणलेल्या वाकळा तिनं हॉलमध्येच ढीग करून टाकल्या होत्या. नातू त्यावर उड्या मारत टाळ्या पिटत होता. ती एकदम थांबली. "मामा, ऐका की. आवाज माघारी येईना." मी टाळी वाजवली. खरंच येत नव्हता. जुन्या सोप्याची माती आवाज पीत होती, तेच काम वाकळा करत होत्या.

मग तिनंच चित्र खरवडून काढलं. तिथं गज ठोकून माझ्या आईच्या हातच्या दोन वाकळा सोडल्या. खाली घोंगडी. खिडक्यांना जाड पडदे. जुन्या घराची एक तुळई गोठ्यात पडून होती. सुतारानं ती चिरून टाळ ठेवायला फळी केली. काचेच्या कपाटात आता कपबश्या. भोपळ्याचा दिवा करू या म्हणत होती, मोबाईलवर बघितला होता तिनं. मी म्हणलं, भोक पाडायचं न्हाई, आत बिया हायेत. तो कोपऱ्यात टांगला.

पखवाजाची धुमेची पुडी कपाटात वाळून ताठ झाली होती. पंढरपुरातनं बदलून आणली. स्लॅब तसाच, थोडं घुमतंच अजून. तरी आप्पांच्या घरी गेलो. म्हणलं, एकदा बसून बघा.

आले सगळे. एकादशी, घरात सगळ्यांचा उपास, त्या दिवशी परातीत कणीक नसते. पण पखवाजाच्या धुमेला कणीक लावल्याशिवाय खर्ज लागत नाही. सूनबाईनं मूठभर पीठ भिजवून आणलं. मी ती थापत होतो. नातू शेजारी बसून बघत होता.

"आज्जा, पखवाजाला उपास न्हाई व्हय?"

आप्पा हसले आणि त्यांनी वीणा गळ्यात घातली.