तिसरी फ्रेम

पहिल्या बोनसमधून मी कॅमेरा घेतला आणि सोबत ७०-३००ची लेन्स. २०१९च्या जूनमध्ये पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या तेव्हा सकाळीच नाना पेठेत पोचलो. फुटपाथवर कुणी दाढी करून घेत होतं, कुणी चपला शिवून. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी लुगडं गुडघ्यापर्यंत सारून तळपायाच्या फोडांना तेल लावत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे. बर्स्ट मोडवर बटण दाबून धरलं. आठ-दहा फ्रेम आल्या, त्यातल्या कामाच्या तीन.

पहिलीत त्यांचं लक्ष नाही. दुसरीत त्या थेट लेन्सकडे बघताहेत. तिसरीत तोंडावर पदर, आणि दुसरा हात लुगडं खाली ओढतोय.

मी दुसरी टाकली. 'काय नजर आहे!', 'हीच खरी भक्ती!' अशा कमेंट आल्या. ऑफिसच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, मोठी प्रिंट कॅन्टीनबाहेर लागली. त्या नजरेत भक्ती वगैरे काही नव्हतं. 'काय रे, काय करतोयस?' एवढंच होतं. पण ते कळायला तिसरी फ्रेम बघावी लागते, आणि ती मी कुणाला दाखवलीच नव्हती.

पुढे कामावर माझ्याकडे परवानगीचा स्क्रीन आला. लोकेशन घेण्याआधी माणसाला विचारायचं, त्याने खूण केल्याशिवाय पुढचं बटण चालू होऊ द्यायचं नाही. तो कोड मी लिहिला. जेवायला रोज त्याच भिंतीवरून जात होतो.

मित्र म्हणतात, रस्ता सार्वजनिक आहे, आणि विचारलं की फोटो मरतो. दुसरं खरंच आहे. नंतर मी विचारून काढलेले बहुतेक फोटो पासपोर्टसारखे आलेत. माऊली पदर सारखा करतात, ताठ बसतात, हसू आवरतात.

डोरोथिया लँगने १९३६मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोच्या छावणीत एका मजूर आईचा फोटो काढला, तोही नाव न विचारता. तो छापून आल्यावर सरकारने छावणीत अन्न पाठवलं. तोवर ती आई मुलांना घेऊन पुढे गेली होती. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि या फोटोचा आपल्याला काही फायदा झाला नाही, ही खंत तिने बोलून दाखवली. तरी लँगच्या फोटोने छावणीतल्या कुणाच्या तरी पोटात चार घास गेले. माझ्या फोटोने आजींना मलमाची ट्यूबसुद्धा मिळाली नाही. रस्ता ओलांडून ती नेऊन द्यायला दोन मिनिटं लागली असती, हे मला घरी फोटो एडिट करताना सुचलं.

शेवटी पोस्ट काढून टाकली. प्रिंट उतरवा म्हणून ॲडमिनला मेल केला, तर उत्तर आलं, "कुणाची तक्रार आली आहे का?"

नाही आलेली. आपण भिंतीवर आहोत हे आजींना कुठून कळणार?

प्रिंट उतरली. हार्ड डिस्कवरच्या पहिल्या दोन फ्रेमही मी उडवल्या. तिसरीवर येऊन थांबलो. त्यात त्या स्पष्ट 'नको' म्हणताहेत, आणि तेवढा एकच पुरावा उरलाय. तोही त्यांना न विचारता घेतलेला. फाइल अजून तिथेच आहे.