बायपॅप

खाटेशेजारी स्टँडवर त्याची बैठक. देह आटोपशीर, पुढे पन्हळी नळी आणि टोकाला नाक-तोंड झाकणारा मास्क. स्वभाव मात्र विलक्षण लक्ष देणारा. रोग्याने श्वास ओढायला घेतला की हा जोराने हवा आत देतो. सोडायला लागला की लगेच माघार घेतो. तरी थोडा दाब राखून ठेवतोच, म्हणजे झिजलेल्या श्वासनलिका मिटत नाहीत.

त्याच्याकडे येणारी माणसं बहुधा विडीच्या नाहीतर चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली. छातीत संसर्ग होतो, धाप वाढते, श्वासाचे स्नायू थकतात. कार्बन डायऑक्साइड साठून रक्ताचा पीएच 7.35 च्या खाली उतरतो आणि माणूस गुंगीत जातो. घाबरलेले नातेवाईक ऑक्सिजन वाढवायला सांगतात. पण इथे भरमसाट ऑक्सिजनने तो साठा आणखी वाढतो. रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्के असली तरी पुरते. रोगाशी झुंजतात ती औषधं. हा तोवर थकल्या स्नायूंना विसावा देतो.

लोरां ब्रोशार आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अशा 85 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांत 74 टक्के रुग्णांच्या घशात नळी घालावी लागली, मास्कवाटे दाब दिलेल्यांत 26 टक्के. मृत्यू 29 टक्क्यांवरून 9 वर आले. इतकी मोठी तफावत औषधांच्या जगातही क्वचितच दिसते.

तरी पहिल्या भेटीत तो कुणालाच आवडत नाही. आधीच जीव घुसमटलेला, त्यात तोंडावर वारा! रोगी मास्क ओढून काढतो. अशा वेळी जाणत्या सिस्टर पट्टे आवळत नाहीत. मास्क हाताने नुसता धरतात, ‘आजोबा, त्याच्याबरोबर श्वास घ्या’ म्हणत राहतात. लय जुळली की मग पट्टे. माझ्या मते यंत्राचं निम्मं यश त्या हातात असतं. तासाभराने मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासतात. पीएच वर सरकला नाही, ओकाऱ्या सुरू झाल्या किंवा शुद्ध हरपत चालली, तर हट्ट न धरता घशात नळी घालण्याचा निर्णय वेळेवर घ्यावा लागतो.

म्हणून घरच्यांना कळकळीची विनंती: ‘मशीन लागलं म्हणजे संपलं’ असं समजून माणसाला घरी नेऊ नका. पाणी पाजायलासुद्धा मास्क स्वतः काढू नका, सिस्टरना हाक मारा. आणि पहिला तास रोग्याच्या उशाशी थांबा.