पाडा, असं मी म्हणायचो

गिरगावातल्या खोताच्या वाडीविषयी कुणी गहिवरून बोलू लागलं की मला चीड यायची. मी गिरगावातल्याच चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि गॅलरीखाली वर्षानुवर्षं उभे असलेले दुरुस्ती मंडळाचे टेकू. जुनं लाकूड म्हटलं की मला वाळवीच आठवायची. ज्यांना वारसा हवा त्यांनी आमच्या रांगेत डबा घेऊन उभं राहावं, बाकीच्यांनी टॉवर होऊ द्यावा, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचो.

आता सांगत नाही. वाडीचं सौंदर्य एकाएकी दिसलं असं नव्हे, ते आधीही दिसत होतं. रंगवलेले लाकडी कठडे, बाहेरून चढणारा जिना, गल्लीकडे तोंड करून बसलेला व्हरांडा डोळ्यांत भरतोच. मत फिरलं ते तिथल्या एका घराचं काम चालू असताना सुताराशी गप्पा मारून. सागाच्या खांबाचं बूड कुजलं होतं. मला वाटलं, आटोपलं. त्यानं तुळईला टेकू दिला, कुजका भाग कापून टाकला आणि खाच पाडून नवं लाकूड सांधलं. तोवर वरच्या मजल्यावर घरची मंडळी जेवत होती! कुजण्याचं कारणही त्यानंच दाखवलं. मागे कधीतरी भिंतीला खालून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्यातून ओल बाहेर निघून जाते. सिमेंट तिला कोंडतं आणि मग ती लाकडात शिरते. घर पक्कं करायला गेले आणि खांब घालवून बसले.

आमच्या चाळीत असा सुतार कधी आला नाही, आणि त्याचं कारण लाकडात नव्हतं. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकानं हात झटकले. भाडेकरूनं तरी परक्याच्या भिंतीवर पैसा का ओतावा? वाडीची गोष्ट वेगळी. तिथली मूळ जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन कुटुंबांनी जागा घेऊन घरं बांधली. (हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास घेतलं, माणसं त्याच्या कितीतरी आधीपासूनची इथलीच.) पुष्कळ घरांत राहणारा तोच मालक, त्यामुळे कौल फुटलं की झोप त्याचीच उडते. तरीही एके काळच्या पासष्ट घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत.

वारशाच्या यादीवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. १९९५ साली मुंबईची वारसा नियमावली आली, पण यादीत नाव आल्यानं छप्पर गळायचं थांबत नाही. साग महाग, चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधून सापडत नाही आणि बिल घरमालकाच्या नावावर. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांचा त्या बिलात काडीचा वाटा नसतो. म्हणून वाडीतल्या कुणी घर विकलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. सत्तरी उलटलेल्या एकट्या बाईंनी दर वैशाखात छपरावर माणूस चढवायचा तो किती वर्षं?

अशा घरांचा मालमत्ता कर माफ करावा, म्हणजे तेवढे पैसे तरी कौलांवर लागतील, असं मी परवा दादाला म्हटलं. तो अजून चाळीतच राहतो. "आधी आपल्या चाळीचं बघ," तो म्हणाला. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदावर माझीही सही आहे आणि ती मी मागे घेणार नाही. आमच्याकडे सांधण्याजोगं काही शिल्लक नाही. वाडीत अजून आहे.