चौथी सीट

पेडणे महालातल्या माणसास मुंबई आधी ऐकून ठाऊक होते. कोणाचा काका गिरगावात, कोणाची आत्या परळास. मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून त्या नगरीच्या कथा ऐकतच आम्ही वाढलो. पुढे आमचे चिरंजीवही नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि डोंबिवलीस राहिले. गेल्या चवथीस ते घरी आले नाहीत. माटोळी बांधताना आम्हांस राग अनावर झाला व आम्ही पत्र धाडले, 'तू घर विसरलास.' उत्तर आले ते एका ओळीचे : 'बाबा, एकदा इकडे येऊन पाहा.'

नाताळच्या सुटीत आम्ही पेडण्यास रात्रीच्या गाडीत बसलो आणि उजाडता उजाडता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. याच परिसरातील बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास गेली. अंतर ३४ किलोमीटर. आजची भव्य वास्तू त्यानंतरची, १८७८ साली बांधावयास घेतलेली.

चिरंजीव कचेरीत, तेव्हा तो दिवस आम्ही पायांच्या हवाली केला. धोबीतलावाकडे वळलो. बोटीवर चढण्याची वाट पाहणारे गोव्याचे ख्रिस्ती खलाशी येथल्या कुडांत उतरत. गावागावाचा कूड निराळा. तेथून ठाकूरद्वार ओलांडून गिरगावात शिरलो. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ पाहिली आणि मनात पुन्हा चवथीचा सल उठला.

दुपारी बोरीबंदराहून लोकलने भायखळ्यास गेलो. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे भायखळा. दुपारची वेळ, डब्यात ऐसपैस जागा. लोकलच्या गर्दीचा एवढा बोभाटा कशासाठी, असे वाटले! राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयासमोर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८७२ साली हे संग्रहालय इंग्लंडच्या राणीच्या व तिच्या पतीच्या नावाने उघडले. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. भाऊ दाजी आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलगा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांत १८५१ साली झळकला. वर्गात हे नाव आम्ही किती अभिमानाने उच्चारले असेल! ते मांद्रे सोडून गेले, गाव विसरले, असे एकदाही म्हणालो नाही. तेथल्या शांत दालनात हा विचार सुचला आणि आम्ही थोडे खजील झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांबरोबर डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिलो. बसावयास मिळावे म्हणून कित्येक जण आधी उलट कल्याणकडे जातात आणि तीच गाडी धरून परततात. त्यामुळे गाडी येथे येते ती भरलेलीच. आम्ही चढलो नाही, चढवले गेलो. तिघांच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने अंग चोरले आणि म्हटले, ''काका, या, चौथी सीट घ्या.'' अर्ध्या अंगाने का होईना, आम्ही टेकलो. समोर चिरंजीव कडी धरून उभे. मुंब्रा गेले, ठाणे गेले. पाहतो तो त्यांचे डोळे मिटलेले. पोर उभ्या उभ्या झोपले होते! दादर येताच मात्र, कोणी हाक न मारता, डोळे उघडले.

डोंबिवली ते मुंबई सुमारे ४८ किलोमीटर. रोज जाता-येता अडीच तास. सहा दिवसांचे पंधरा. हे गणित आम्ही पत्र लिहिण्यापूर्वी मांडले नव्हते.

निघतेवेळी फलाटावर त्या पत्राविषयी बोलायचे होते. शब्द सुचले नाहीत. एवढेच म्हणालो, ''यंदा चवथीस रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर नेवऱ्या पाठवू.''

चिरंजीव हसले. ''रजेसाठी आत्तापासूनच अर्ज करतो, बाबा. पण नेवऱ्या जास्तच करायला सांगा. परत येताना डब्यातल्या मंडळींना आणायच्या आहेत.''